टरबुजाएवढा भार

मे महिन्यात, एका बुधवारी दुपारी, लोणारहून सुलतानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा भाऊ प्रवीण गाडीसह रस्ता सोडून पुलाच्या कठड्यावर आदळला आणि गेला. गाडीत तो एकटा होता. तो नवरदेवाला आणायला निघाला होता. नवरदेव दुसऱ्या गाडीतून मांडवात पोचला. लग्न लागलं.

त्यानंतरची ही दुसरी लग्नसराई. चैत्र सरत आला की आमच्या घरासमोरचा रस्ता बदलतो. कूलरच्या भिजलेल्या गवताचा वास येतो, मांडवाच्या तापलेल्या कापडाचा येतो, कुठून तरी वांग्याच्या भाजीच्या फोडणीचा ठसका येतो. बँडवाले वाजवायला लागण्याआधी नुसतेच बेसूर फुंकत राहतात. डांबर मऊ झालेलं असतं. त्यावर पडलेल्या अक्षता आणि गुलाबाच्या पाकळ्या चिकटून संध्याकाळपर्यंत काळ्या होतात. या सगळ्यातून नवरदेवांच्या गाड्या जातात. कॉलेजला सुट्टी असते म्हणून मी घरी असते. खिडकीशी पुस्तक घेऊन बसते आणि पान उलटत नाही. गाड्यांच्या डिक्या पाहत राहते.

डिकीवर दोन पायांवर उभी केलेली एक फायबरची पट्टी असते. दुकानात तिला स्पॉयलर म्हणतात, आमच्याकडे पंख. यंदा पंख वाढले आहेत. एकावर एक असे दुमजली पंख मी पाहिले. माल वाहणाऱ्या पिकअपच्या टपावर पाहिला. परवा एका ऑटोच्या मागे पाहिला. ऑटोत सहा माणसं आणि एक गॅसची टाकी होती, आणि ऑटो चढावर दम खात होता. वरातीत या गाड्या माणसाच्या चालीने जातात. पुढे लोक नाचतात, मागे पंख असतो. त्या चालीला हवा त्या पट्टीला जेवढं ओळखते, तेवढंच वाळत घातलेल्या टॉवेललाही ओळखते. टॉवेल निदान हलतो.

हे मी घरात मोठ्याने बोलत नाही, कारण घरात वर्षा आहे. वर्षा म्हणजे प्रवीणची बायको. मी लग्न केलं नाही; आईवडिलांच्या मागे या घरात प्रवीण, वर्षा आणि मी असे तिघं होतो. पंख लावा असं वर्षानेच त्याला म्हटलं होतं, आणि त्या पंखानेच तो गेला, म्हणजे आपल्यामुळे गेला, असं ती दोन वर्षं धरून बसली होती. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. तिचं म्हणणं चूक आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते मी तिला सांगितलं नाही, कारण तेवढंच सांगून थांबता आलं नसतं.

प्रवीणची गाडी पांढरी, डिकीवाली, सेकंडहँड. वर्षभर तो दवाखान्याचे पेशंट, सरोवर बघायला आलेले पाहुणे अशी भाडी करायचा. पण त्याचा खरा हंगाम लग्नांचा. आदल्या संध्याकाळी गाडी धुऊन तो तिच्याकडे लांबून पाहत बसायचा. बॉनेटवर झेंडूची जाळी, दाराच्या मुठींना रिबिनी, मागच्या काचेवर नवरा-नवरीची नावं. फुलं तो स्वतः ओवायचा. त्या वर्षी हंगामाच्या सुरुवातीला एका नवरदेवाचा मामा गाडी ठरवायला आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "गाडी चांगली आहे. पण बोडकी आहे."

"बोडकी म्हंजे?"

"पंख कुठी आहे बे? नवरदेवाले बोडकी गाडी चालत नाही."

मामा सुलतानपूरची एक पंखवाली गाडी ठरवून गेला. प्रवीण त्याच्यासमोर हसला, पण जेवताना त्याने ते आम्हाला दोनदा सांगितलं. वर्षा पोळी वाढता वाढता म्हणाली, "लावून टाका ना मंग तुम्ही बी. एका पट्टीपायी लोकाइचं कायले ऐकून घ्याचं?"

एवढंच तिचं वाक्य. बोडकी हा शब्द त्या दिवशी मला नुसता गावंढळ वाटला होता.

मला मेहकरला काम होतं म्हणून पंख बसवायला मीही त्याच्यासोबत गेले. ते दुकान मला अजून जसंच्या तसं आठवतं. छताला टांगलेले पंख, निळे लुकलुकणारे दिवे, स्टिअरिंगला घालायची वाघाच्या पट्ट्यांची कव्हरं, आणि नव्या रबराचा डोकं उठवणारा वास. दुकानदार मला म्हणाला, "मॅडम, फॉरेनच्या गाड्याइले हे कंपनीतूनच येते." मी विचारलं, कोणत्या कोनात बसवायचा असतो. तो म्हणाला, "कोन कायचा? डिकीच्या मधात बसवतो ना मॅडम." दुतोंडी चिकटपट्टी, दोन स्क्रू. एक कारागीर पंख धरून उभा होता आणि दुसरा रस्त्यापलीकडे जाऊन एक डोळा मिटून पाहत होता. "थोडा वर घे. अजून. हां, आता रुबाब आला." हवेशी त्या पट्टीचा कोन असा ठरला. वर एक लिंबू आणि सात मिरच्या बांधल्या, ते मात्र मोजून.

दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर वर्षाच्या कुरडया वाळत होत्या. जिन्याच्या सावलीत मी पाखरं हाकत बसले होते, मांडीवर पुस्तक होतं. प्रवीण वर आला, एक अर्धी वाळलेली कुरडई तोडून तोंडात टाकली आणि खाली फरशीवरच बसला.

"ताई, हे पंख खरंच काही करते का वं? की नुसतं दिसाले?"

बारावीला दोनदा फिजिक्स राहिल्यावर त्याने शिक्षण सोडलं होतं. त्यानंतरच्या वीस वर्षांत माझ्या विषयातलं त्याने मला काही विचारलं नव्हतं. पुस्तकात खूण म्हणून ठेवलेली एक लग्नपत्रिका मी काढली आणि तिच्या पाठीवर पेन्सिलीने गाडी काढली. घरात मी सगळ्यांसारखीच बोलते, पण शिकवायला लागले की माझी भाषा पुस्तकी होते. गाडीची पाठ वरून गोलसर असते, मी म्हटलं, विमानाच्या पंखाच्या वरच्या बाजूसारखी. गाडी वेगात गेली की तिच्यावरून जाणारी हवा तिला मागून थोडी उचलू पाहते. तो प्रवाह मोडायचा, बिघडवायचा, म्हणून ते नाव स्पॉयलर. आणि विमानाचाच पंख उलटा करून बसवला, तर तो उचलण्याऐवजी दाबतो.

"म्हंजे गाडी खाली दाबल्या जाते?"

"हो."

"मंग वळणावर?"

"टायरवर भार वाढला की पकड वाढते."

"म्हंजे चिकटते."

"चिकटते म्हण, हवं तर."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. परीक्षेत याला निम्मे गुण मिळाले असते. उरलेलं निम्मं माझ्या जिभेवर होतं, कारण दरवर्षी मी तेच घसा कोरडा करून शिकवते आणि मागच्या बाकांवरची मुलं खिडकीबाहेर पाहतात. प्रवीण माझ्या पेन्सिलीकडे पाहत होता. त्याने चित्र हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "असं शिकवलं असतं तर म्या पास झालो असतो वं ताई." मी तिथेच थांबले. पुढचं सांगितलं असतं तर तो चेहरा उतरला असता.

पत्रिका त्याने लॅमिनेट करून घेतली आणि गाडीच्या खणात ठेवली. गाडी ठरवायला येणाऱ्यांना तो ती दाखवायचा. "माही ताई कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिनं काढून देल्लं हे." त्या हंगामात एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "तुम्हीच का प्रवीणच्या ताई? पंखाचं शास्त्र तुम्हीच सांगतलं म्हणे त्याले." मी हसले. बट्टीवर वरण घेतलं, दुसऱ्यांदा बुंदी घेतली. ज्या मंडळींच्या अडाणीपणाला मी मनात नावं ठेवत आले, त्यांच्याकडून 'शास्त्र' हा शब्द ऐकून मला बरं वाटलं होतं.

एप्रिल संपताना एकदा तो मला सुलतानपूरला सोडायला निघाला. पुलाच्या अलीकडे जे वळण आहे, तिथे त्याने वेग कमी केला नाही. गाडी वळली. आरशात माझ्याकडे पाहत तो म्हणाला, "पाह्य ताई. चिकटली का नाही?"

गाडी वळली होती ती टायर बरे होते आणि रस्ता कोरडा, साफ होता म्हणून. मी म्हटलं, "हळू चालव रे बाबा."

हे वाक्य कुणाचीही बहीण म्हणते आणि कुणाचाही भाऊ ते ऐकत नाही. फिजिक्सच्या बाईने म्हणायचं वाक्य वेगळं होतं. ते त्याने ऐकलं असतं.

उन्हं उतरल्यावर मी सरोवराच्या कडेने फिरायला जाते. दिवसभर तापलेली हवा त्या खोलगटातून वर येते आणि तिच्यावर घारी तरंगत असतात, पंख न हलवता. एखादी वळते तेव्हा तिची शेपटी किंचित कलते, इतकी किंचित की आपल्याला ती वळल्यावरच कळतं. मी कडेला उभी राहून हे खूप वेळ पाहते. त्या शेपटीला कुणी रस्त्यापलीकडून एक डोळा मिटून 'थोडी वर घे' म्हटलेलं नसतं. खाली गावात तोवर दिवे लागतात, डीजे सुरू होतो आणि चार फायबरचे पंख चार वरातींतून पाय ओढत जातात.

तो गेल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी अंगणात सतरंजीवर पुरुषमंडळी बसली होती. माठातलं पाणी फिरत होतं. दारातून सगळं आत ऐकू येत होतं.

"पंखानं गाडी उडाली," एक म्हणाला.

"उडाली नाही बे, नजर लागली. लय सजवे तो गाडीले."

"म्या तर पहिलेच म्हणलो होतो. कंपनीच्या गाडीले बाहेरचं काही लावू नये."

हा तिसरा म्हणजे बोडकी म्हणणारा तोच मामा. त्याने हे सहज म्हटलं, पाणी प्यायला, पेला पालथा घातला. असली माणसं स्वतःचं वाक्य महिनाभरही सांभाळत नाहीत. मला त्याचा राग आला नाही. राग यायला समोर काहीतरी असावं लागतं.

आत वर्षा भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "म्याच म्हणलं होतं लावून टाका." थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली. मी तिच्या शेजारी होते. तिला खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि बायका म्हणाल्या, नणंद असावी तर अशी.

महिन्याभराने मी एसटीने गेले आणि त्या वळणावर उतरले. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, इथं स्टॉप नाही," आणि मग माझ्याकडे नीट पाहून त्याने घंटी मारली. वळणावरचे खड्डे बुजवून वर चुरी टाकलेली होती, दगडाची ती बारीक भुकटी. तिच्यावर माझी चप्पलसुद्धा सरकत होती. शेजारच्या शेतात एक माणूस वांग्यांना पाणी देत होता. मी कोण ते सांगितल्यावर त्याने दांड मोडला, पाणी थांबवलं आणि बांधावर आला.

"म्या पाह्यलं मॅडम. इथंच होतो. चाकं वळेल होते, पण गाडी नाही वळली. सरळच गेली."

"ही चुरी तेव्हा होती?"

"आदल्याच दिवशी टाकली होती."

मग तो म्हणाला, "मागून गाडीले काहीच नाही झालं. ते पंख जसंच्या तसं. झेंडूची माळ बी होती त्याले. लोकं जमले तवा कोणीतरी त्याच्यावर पाण्याची बाटली ठेवली होती."

त्या पट्टीने आयुष्यात केलेलं हे एकमेव काम. उभ्या गाडीवर बाटली ठेवायला ती बरी होती.

घरी येऊन मी कागद घेतला. गाडीचा वेग नव्वद धरला. पट्टीची लांबी-रुंदी मला माहीत होती, मेहकरला ती माझ्याच मांडीजवळ पडली होती. कोन रुबाबाचा होता, तरी तो योग्यच आहे असं धरलं. टपावरून घसरून आलेली मोडकी हवा तिच्या वाट्याला येते हेही सोडून दिलं. एवढा सढळ हात ठेवून उत्तर आलं चार-पाच किलो. एक टरबूज. वेग निम्मा केला की भार पाव होतो, म्हणजे गावातल्या रस्त्यावर एका टरबुजाची एक फोड. आणि गाडीचं पुढचं चाक गाडी वळवतं, मागची शेपटी नाही. पंख मागच्या चाकांच्याही मागे असतो. तो शेपटी दाबतो तेव्हा नाक थोडं हलकं होतं, मुलांच्या सी-सॉसारखं. ज्या चाकांनी वळायचं त्याच चाकांनी ओढायचं, अशा गाडीला तो पंख मदत करत नाही; करत असेल तर उलटंच काहीतरी करतो, आणि तेही किलो-दोन किलोचं. त्याने प्रवीणला मारलं नाही. तेवढी त्याची लायकी नव्हती. प्रवीण चुरीवर वेग कमी न करता गेला, कारण आपली गाडी चिकटते हे त्याला माहीत होतं. ते त्याला मी सांगितलं होतं.

कागद मी घडी करून कपाटात पुस्तकांमागे ठेवला. वर्षा तेव्हा स्वयंपाकघरात होती. पुढे पावसाळा गेला, सोयाबीन निघालं, थंडी गेली, एक लग्नसराई गेली. रस्त्यावरून पंखवाली गाडी जाताना दिसली की वर्षा उठून खिडकी लावायची. मी पुस्तकातून मान वर करायची नाही.

यंदा अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाने त्याच्या नावाने घागर भरली. घागरीला सूत गुंडाळलं, वर आंबा ठेवला. चिंचवणी केली, कुरडया तळल्या. जेवणं झाल्यावर आम्ही दोघी पानांवरच बसलो होतो तेव्हा बाहेरून बँडचा आवाज आला आणि त्याच्यामागून एक पांढरी गाडी आली. वर्षा उठली, खिडकी लावली, परत येऊन बसली.

"म्या लावून टाका म्हणलं नसतं," ती म्हणाली, "तर आज घागर भरा लागली नसती."

हे ती रडत म्हणाली नाही. घरातली डाळ संपली आहे हे सांगावं तसं म्हणाली. मला वाटतं, त्यामुळेच मी बोलले.

"वर्षा, त्या पंखानं काही झालं नाही."

"ताई, मले समजावू नका."

"समजावून नाही राह्यली. म्या कागदावर मांडून पाह्यलं. नव्वदच्या स्पीडले त्याच्यावर एका टरबुजाएवढा भार पडते. डिकीत टरबूज ठेवून कोणी मरते का?"

"म्हंजे पंखानं काहीच नाही झालं?"

"नाही. तेवढा दमच नव्हता त्याच्यात."

"मंग हे चिकटते चिकटते काऊन म्हणत?"

"म्या सांगतलं होतं त्याले."

"खोटं सांगतलं?"

"अर्धं सांगतलं."

मग उरलेलं अर्धं मी तिला सांगितलं. वेग, चुरी, गाडीचं नाक, गच्चीवरची पत्रिका, आणि वळणावर मी म्हटलेलं 'हळू चालव रे बाबा'. दहा मिनिटं लागली असतील. पानात उरलेल्या कुरडयांना हात न लावता ती ऐकत होती. एवढं लक्ष देऊन माझं फक्त प्रवीणनेच ऐकलं होतं.

"पुरं काऊन नाही सांगतलं?"

"खुश होऊन ऐकून राह्यला होता."

तिने पानं गोळा केली, उष्टी एकात एक केली. दारापाशी जाऊन थांबली, पाठ माझ्याकडे.

"हे तुम्हाले कधीपासून माहीत होतं? पंखानं काही नाही झालं, हे?"

"पहिल्या दिवसापासून."

"अन् दोन वर्षं तुम्ही मले नुसत्या पाहून राह्यल्या?"

मी हो म्हटलं. ती आत गेली आणि भांडी घासायला बसली.

मामाला माहीत नव्हतं. दुकानदाराला माहीत नव्हतं, एक डोळा मिटणाऱ्या त्या कारागिरालाही नव्हतं. त्यांच्याविषयी वर जे लिहिलं आहे ते मी खोडत नाही. पण माहीत असलेलं माणूस एकच होतं, आणि ते याच घरात राहत होतं.

अखजीला आता तीन आठवडे झाले. लग्नं अजून चालू आहेत. पंखवाली गाडी गेली तरी वर्षा आता खिडकी लावत नाही. मला जेवायला हाक मारते, दळण संपल्याचं सांगते, दुपारी कूलरमध्ये पाणी टाकते. ताई म्हणत नाही.